लंडनच्या विजेच्या गाड्या आणि त्यांच्या प्रतिकृती

इंग्लंडच्या दक्षिण भागात धावणाऱ्या सदर्न रेल्वेने १९३५ ते १९३८ या काळात दोन-दोन डब्यांच्या १५२ विजेच्या गाड्या बांधल्या. त्यांपैकी आज एक शिल्लक आहे. याच रेल्वेने लंडन ते ब्रायटन या मार्गावर १९३३ च्या १ जानेवारीपासून पाच-पाच डब्यांच्या तीन आरामगाड्या सुरू केल्या. 'ब्रायटन बेल' या नावाने पुढे त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांचे एकूण डबे पंधरा. १९७२ च्या एप्रिलअखेर ही गाडी बंद झाली तेव्हा ते पंधराही डबे कोणी ना कोणी विकत घेतले. कोणी त्यांत उपाहारगृह थाटले, कोणी एखादा डबा अंगणात उभा केला. आज त्यांतले बहुतेक सारे हयात आहेत. एकशे बावन्न गाड्यांपैकी एक उरावी आणि पंधरा डब्यांपैकी जवळजवळ सगळे उरावेत, हा हिशेब कोणाही इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारा आहे.

त्याचे कारण उघड आहे. बेलमध्ये गुबगुबीत खुर्च्या होत्या, टेबलावर गुलाबी छटेचे दिवे होते आणि न्याहारीला धुरी दिलेला खारा हेरिंग मासा मिळत असे. तो मासा यादीतून काढण्याचे घाटत होते तेव्हा ब्रायटनला राहणारे विख्यात नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि मासा पुन्हा ताटात आला. साध्या गाडीत मासाही नव्हता आणि तिच्यासाठी भांडणारा ऑलिव्हिएही नव्हता. सकाळी कचेरीला आणि संध्याकाळी घरी, एवढेच तिचे काम. जी वस्तू रोज लाखो माणसांच्या दृष्टीस पडते ती कोणी जपून ठेवीत नाही. आमच्याकडे राजाची तलवार देव्हाऱ्यात राहते आणि कुणब्याचा नांगर चुलीत जातो, तसेच हे.

परंतु या साध्या गाड्यांचा इतिहास बुडाला नाही. तो तरला याचे श्रेय विद्यापीठातल्या इतिहासकारांपेक्षा निराळ्याच एका मंडळीला द्यावे लागते. फुटाला चार मिलिमीटर किंवा सात मिलिमीटर असे प्रमाण धरून, घरच्या टेबलावर पितळेचा पत्रा कापून या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करणारी ही मंडळी. त्यांच्या छंदाला पोरखेळ म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र त्यांच्या कामात इतिहास-संशोधनाची एक कडक शिस्त दिसते. ग्रंथ लिहिणाऱ्याला 'गाडीस अनेक दारे होती' असे लिहून पुढे जाता येते. प्रतिकृती करणाऱ्याला तसे जाता येत नाही. दारे किती, कोठे, मूठ कोणत्या बाजूस, बिजागऱ्या कोणत्या अंगास, याचा निर्णय केल्यावाचून त्याची कात्री पत्र्यावर चालत नाही. शब्दांना जी मोघम बोलण्याची सवलत असते ती पत्र्याला नाही.

या गाड्यांची मूळ हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि जवळच्या पल्ल्याचे उतारू आगगाडी सोडून ट्रामकडे वळले. धुराच्या गाड्यांना हे भांडण जिंकता येणार नव्हते. म्हणून लंडन-ब्रायटन रेल्वेने १९०९ च्या १ डिसेंबरला व्हिक्टोरिया आणि लंडन ब्रिज या स्थानकांमध्ये विजेची गाडी सुरू केली. डोक्यावर तार, तिच्यात साडेसहा हजारांहून अधिक व्होल्टचा उलटसुलट प्रवाह, आणि यंत्रसामग्री जर्मनीच्या एईजी कंपनीची. शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेने १९१५ च्या ऑक्टोबरात दुसरा मार्ग धरला. रुळांच्या बाहेरच्या अंगास तिसरा रूळ टाकून त्यातून सहाशेच्या घरातल्या व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळवला. त्या रेल्वेचे व्यवस्थापक सर हर्बर्ट वॉकर हे हिशेबी गृहस्थ होते. १९२३ साली दक्षिणेकडच्या सर्व रेल्वे एक होऊन सदर्न रेल्वे झाली, तिचे कारभारी वॉकरच झाले आणि १९२६ मध्ये डोक्यावरच्या तारेला निरोप देण्याचे ठरले. १९२९ च्या सप्टेंबरात शेवटची तारेवरची गाडी धावली. पुढे हे तिसऱ्या रुळाचे जाळे पसरत ब्रायटनच्या आणि पोर्टस्मथच्या समुद्रापर्यंत पोहोचले. दर तासाला त्याच त्याच मिनिटांना गाडी सुटावी, म्हणजे चाकरमान्याला वेळापत्रक उघडावे लागू नये, ही वॉकर यांची दृष्टी.

येथे आपल्या मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने जी पहिली विजेची लोकल गेली ती तिसऱ्या रुळावर नव्हे, पंधराशे व्होल्टच्या तारेखाली. तिचे डबे काही इंग्लंडच्या कॅमल लेअर्डचे आणि काही जर्मनीतील उर्डिंगेनचे होते. खुद्द इंग्लंडात पंधराशे व्होल्टची उपनगरी गाडी मँचेस्टर-ऑल्ट्रिंगहॅम मार्गावर यावयास १९३१ साल उजाडले. म्हणजे या बाबतीत मुंबईचा कारकून मँचेस्टरच्या कारकुनापेक्षा सहा वर्षे पुढे होता. असो. आपला विषय लंडनचा आहे.

वॉकर हिशेबी होते असे आम्ही म्हटले, त्याचा पुरावा गाड्यांच्या अंगावरच होता. विजेसाठी नवे डबे बांधण्याऐवजी त्यांनी धुराच्या गाड्यांचे जुने लाकडी डबे कामाला लावले. १९१५ च्या तीन-तीन डब्यांच्या ८४ गाड्या अशाच जुन्यातून नव्या केल्या होत्या. नवीन काय ते फक्त चालकाची खोली आणि तिचा होडीच्या नाळेसारखा टोकदार पुढचा भाग. पुढे तर चार आणि सहा चाकांच्या अगदी म्हाताऱ्या डब्यांची शरीरे कापून, दोन तुकडे एका नव्या लांब सांगाड्यावर बसवून एकेक डबा तयार झाला. आजीच्या लुगड्याची गोधडी व्हावी तसा हा प्रकार. तारेवरच्या जुन्या गाड्यांतील जे मोटार-डबे निरुपयोगी झाले त्यांचे सांगाडेही वाया गेले नाहीत. त्यांच्यावर मालगाड्यांच्या गार्डाचे लांबलचक डबे उभारले गेले, आणि त्यांना रेल्वेतल्या लोकांनी 'क्वीन मेरी' असे थाटाचे नाव ठेवले.

मग दुसरे महायुद्ध आले. गर्दी वाढली, तेव्हा तीन डब्यांच्या गाड्यांत चौथा डबा घालून त्या चार डब्यांच्या करण्याचे काम सुरू झाले. तो चौथा डबा पुष्कळदा नवा, पोलादी आणि रुंद पोटाचा असे. त्याच्या दोन्ही बाजूंस जुने, लाकडी, अरुंद डबे. बाँबने एखादा डबा जळाला तर दुसऱ्या मोडक्या गाडीतला चांगला डबा त्या जागी येई. याचा परिणाम असा की एकाच जातीच्या म्हणून नोंदलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्या सख्ख्या बहिणी वाटू नयेत. 'सदर्न रेल्वेची उपनगरी गाडी कशी होती?' या प्रश्नाला म्हणून उत्तरच नाही. अमुक क्रमांकाची गाडी अमुक साली कशी होती, एवढेच विचारता येते. प्रतिकृती करणारे हे फार लवकर शिकले. काम हाती घेण्यापूर्वी ते गाडीचा क्रमांक आणि वर्ष ठरवतात, आणि त्यानंतरच पुरावा गोळा करू लागतात. सर्वसामान्य 'मराठा सरदार' किंवा सर्वसामान्य 'पेशवाईतला वाडा' यांवर लिहिणाऱ्या आमच्या लेखकांनी हा धडा घेण्यासारखा आहे.

या गाड्यांच्या जातींची नावे मोठी गमतीची आहेत. रेल्वेने तारायंत्राच्या सोयीसाठी प्रत्येक जातीला तीन अक्षरी खूण दिली होती आणि तिच्याआधी डब्यांची संख्या. 'फोर-सब' म्हणजे चार डब्यांची सबर्बन, 'फोर-कॉर' म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात जाण्यास वाट असलेली. पण आरंभी जिचा उल्लेख केला ती 'टू-बिल'. यातले 'बिल' म्हणजे दोन्ही डब्यांना शौचकूप असलेली. 'टू-हॅल'मध्ये ती सोय निम्मी, एकाच डब्यात. आणि 'टू-नॉल'मध्ये मुळीच नाही! प्रवाशाच्या दृष्टीने गाडीचे वर्गीकरण करण्याची याहून रास्त पद्धत आम्हांस सुचत नाही. फोर-कॉरच्या तोंडावर मधोमध जाण्यायेण्याची वाट, एका बाजूस चालकाची खिडकी आणि दुसऱ्या बाजूस खुणेच्या अक्षराचा चौकोन असे. त्यामुळे तिचा चेहरा एकाक्ष दिसे आणि लोक तिला एका डोळ्याच्या दर्यासारंगावरून 'नेल्सन' म्हणत.

आता पुरावा कोठून येतो ते पाहू. पहिला पुरावा कारखान्याचे आराखडे. ईस्टले आणि लान्सिंग येथे डब्यांचे कारखाने होते, आणि ब्रिटिश रेल्वेच्या कारखान्यांच्या आराखड्यांचा मोठा संग्रह यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पण आराखडा म्हणजे काय करावयाचे होते त्याची नोंद. काय केले गेले ते निराळे असू शकते. सनद आणि वहिवाट यांत जो फरक, तोच येथे. म्हणून दुसरा पुरावा लागतो तो छायाचित्राचा. छायाचित्र खरे बोलते, पण आपली तारीख सांगत नाही; ती काढून घ्यावी लागते. मोडी कागदावर नुसता चंद्र आणि वार असला म्हणजे जंत्री उघडून आपण साल ठरवतो, तशी या मंडळींनी आपली जंत्री बनवली आहे. गाडीच्या तोंडावर पिवळा पट्टा दिसला की चित्र १९६० नंतरच्या दशकातले किंवा त्यापुढचे. त्या पिवळ्यावर उलटा काळा त्रिकोण दिसला की ही दोन डब्यांची गाडी आणि सामानाचा कप्पा याच टोकाला आहे. फलाटावरच्या हमालाला हातगाडी कोठे उभी करावी हे दुरूनच कळावे म्हणून ती खूण. खिडकीत 'एच' अक्षर असले तर गाडी हॅम्प्टन कोर्टची. अक्षर, क्रमांक, रंग आणि मागे दिसणारा सिग्नल ही चार साक्षीदारांची जबानी जुळली की तारीख चारदोन वर्षांच्या आत येते.

छायाचित्रकारांचा एक दोष मात्र सर्वांना नडतो. ते फलाटाच्या टोकाशी उभे राहून गाडीचा चेहरा आणि एक कूस टिपतात. दुसरी कूस कोणी टिपली नाही. छप्पर तर पुलावर चढल्यावाचून दिसत नाही. आणि पोटाखाली काय होते हे टिपणारा हजारात एक. विजेच्या गाडीचे खरे इंद्रिय तर पोटाखालीच असते. हवा दाबणारे यंत्र, प्रवाह अडवणाऱ्या पट्ट्यांच्या पेट्या, तोडजोडीची कपाटे, आणि या वस्तू डाव्या व उजव्या बाजूस सारख्या नसतात. एका बाजूच्या चित्रावरून दुसरी बाजू कल्पून केलेली प्रतिकृती म्हणजे मूर्तीचा पुढचा भाग पाहून पाठीमागचे कोरीव काम लिहिण्यासारखे आहे. जे जाणते आहेत ते अशा जागी थांबतात आणि आराखड्याचा पत्ता लागेपर्यंत काम बाजूला ठेवतात.

रंगाचा वाद कधीच मिटत नाही. सदर्न रेल्वेचा रंग हिरवा, हे शाळेतले पोरही सांगेल. पण कोणता हिरवा? आधीचा जैतुनी, बुलिड यांच्या कारकिर्दीत आलेला उजळ मॅलाकाइट, की १९४८ साली रेल्वे सरकारी झाल्यानंतरचा? त्यानंतर निळा आला तो भाग वेगळाच. जुनी छायाचित्रे काळीपांढरी, आणि त्या वेळच्या काही फिल्मांवर तांबडा रंग काळ्यासारखाच उमटे. जपून ठेवलेल्या डब्याच्या रंगाची खपली काढून पाहिली तर ती पन्नास-साठ वर्षांच्या उन्हापावसाने बदललेली. शिवाय उन्हात उभ्या मोठ्या गाडीवरचा रंग खोलीतल्या दिव्याखाली वीतभर डब्यावर लावला की काळपट दिसतो. म्हणून काहीजण मुद्दाम थोडा पांढरा मिसळतात, तर काहीजण त्याला अप्रामाणिकपणा म्हणतात. आमचे मत पांढरा मिसळणाऱ्यांच्या बाजूचे आहे. प्रतिकृती डोळ्यांसाठी असते, रसायनशाळेसाठी नव्हे.

प्रत्यक्ष बांधणीकडे वळावे. फोर-सबचा एकेक डबा सुमारे ६२ फूट लांब. फुटाला चार मिलिमीटर धरले की डबा पाव मीटर होतो, चार डब्यांची गाडी एक मीटर, आणि गर्दीच्या वेळी दोन गाड्या जोडून धावत तशी आठ डब्यांची केली तर दोन मीटर. तिला फलाट तेवढाच हवा. इंग्रजांची घरेही फार मोठी नसतात. एका डब्यात दहा कप्पे असले तर प्रत्येक कप्प्याला दोन्ही अंगांस एकेक, म्हणजे वीस दारे. वीस मुठी, वीस दारांच्या बिजागऱ्या, हात धरण्याचे दांडे, आणि दारावरच्या हवेच्या झडपा. धुराच्या इंजिनाची प्रतिकृती करणारा एका यंत्रावर वर्ष घालवतो आणि सगळे त्याला वाहवा म्हणतात. उपनगरी गाडी करणारा ऐंशी दारांच्या ऐंशी मुठी बसवतो आणि पाहणारा विचारतो, इंजिन कोठे आहे?

एक अडचण अशी आहे की ती ऐकून शास्त्री-पंडितांनाही आपल्या वादांची आठवण व्हावी. इंग्लंडात फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण सर्वांत अधिक चालते, पण त्याच्या रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. खऱ्या रुळांचे अंतर चार फूट साडेआठ इंच. त्याचे चार मिलिमीटरने १८.८३ व्हावयास हवे. ही चूक जुनी आहे. साडेसोळा हे अंतर साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणाला बरोबर होते. परंतु इंग्लंडच्या गाड्या युरोपातल्या गाड्यांहून अंगाने लहान, आणि तेव्हाच्या छोट्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून डबा वाढवून चार मिलिमीटरचा केला, रूळ मात्र होते तेवढेच ठेवले. धुराच्या गाडीला यामुळे फक्त पाय जवळ घेतल्यासारखे दिसते. विजेच्या गाडीला यातून खरे धर्मसंकट येते. तिसरा रूळ जवळच्या रुळापासून सोळा इंचांवर आणि त्याच्याहून तीन इंच उंच असतो. चार मिलिमीटरने हे अंतर सव्वापाच मिलिमीटरहून किंचित अधिक भरते आणि उंची बरोबर एक मिलिमीटर. आता हे अंतर अरुंद रुळापासून मोजावे, तर तिसरा रूळ डब्याच्या मध्यरेषेकडे मिलिमीटरहून थोडा जास्त सरकतो आणि वीज उचलणारा लोखंडी तुकडा, ज्याला तेथे 'शू' म्हणतात, तो अधांतरी राहतो. डब्याच्या मध्यापासून मोजावे, तर शू बरोबर बसतो पण रुळांमधले अंतर डोळ्यांना खोटे दिसते. एक सत्य राखावे तर दुसरे जाते. यावर वैतागून काहींनी १९६६ च्या सुमारास १८.८३ मिलिमीटरचा नेमका रूळ करण्याचा पंथच काढला. त्या पंथात बरेचसे काम स्वहस्ते करावे लागते, म्हणून अनुयायी थोडे आणि कडवे.

'बोगी' या शब्दाविषयी एक खुलासा. आपण सगळ्या डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत डब्याखाली फिरणारी चार चाकांची चौकट म्हणजे बोगी. फोर-सबच्या दोन टोकांच्या डब्यांखाली एकेका बोगीत मोटारी असत, मधले डबे नुसते ओढले जात. प्रतिकृतीतही आज फरशीखाली मावणारी मोटार मिळते. पूर्वी ती निम्म्या डब्यात भरलेली असे आणि खिडकीतून उतारूंच्या जागी तारेचे वेटोळे दिसे.

खेळण्यांच्या कारखानदारांनी या गाड्यांना कसे वागवले हेही पाहण्यासारखे आहे. हॉर्नबीच्या नावाने पहिली विजेवर धावणारी गाडी निघाली ती १९२५ साली, लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेची. ती घरातल्या दिव्यांच्या विजेवरच, मध्ये प्रवाह कमी करणारा एक दिवा जोडून चालवावयाची असे. मुलांच्या हाती असली वस्तू देणाऱ्या आईबापांच्या धैर्याचे कौतुक करावे की काय, कळत नाही. पुढे कमी दाबाच्या विजेची सोय झाली. त्याच कारखान्याने १९३८ मध्ये 'डब्लो' नावाचे लहान प्रमाण काढले, त्यात रुळांच्या मधोमध तिसरा रूळ होता. म्हणजे वीसएक वर्षे इंग्लंडातल्या मुलांच्या धुराच्या गाड्या तिसऱ्या रुळावरच्या विजेने पळत होत्या, आणि जिला खरोखर तिसरा रूळ लागतो ती सदर्नची उपनगरी गाडी त्या यादीत नव्हती! ती १९६२ च्या सुमारास आली, तोवर दोन रुळांची पद्धत रूढ झाली होती आणि दोनच वर्षांनी तो कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला. कारखान्यातून नेटकी, तपशीलवार ब्रायटन बेल आणि टू-बिल बाहेर पडण्यास २०१० नंतरचे दशक उजाडावे लागले. मधला सारा काळ ज्याला अशी गाडी हवी त्याने ती स्वतः करावी, असा होता. संशोधन वाढले ते या गरजेपोटी.

जुन्या गाड्यांचे रक्षण करणाऱ्या संस्था इंग्लंडात पुष्कळ, मग या गाड्या का राखल्या नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. धुराचे इंजिन राखले तर कोळसा आणि पाणी घालून ते कोठेही चालवता येते. त्याची वाफ, शिटी आणि वास यांनी लोक येतात, तिकिटे खपतात. विजेच्या गाडीला जिवंत तिसरा रूळ हवा, आणि शेतातून जाणाऱ्या हौशी रेल्वेवर उघड्या रुळात साडेसातशे व्होल्ट सोडणे परवडणारेही नाही आणि शहाणपणाचेही नाही. मग ती गाडी दुसऱ्या इंजिनाने ओढून न्यावी लागते. शिवाय पुष्कळ डब्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस भरलेले, ते काढण्याचा खर्च डब्याच्या किमतीहून जास्त. म्हणून शेकड्यांनी बांधलेल्या फोर-सबमधून ४७३२ क्रमांकाची एकच गाडी पूर्ण उरली. त्याआधीच्या लाकडी पिढीतला १९२५ चा ८१४३ क्रमांकाचा एक मोटार-डबा राष्ट्रीय संग्रहात आहे. उत्तरेकडे टाइनसाइडला १९०४ साली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्या ताफ्यातला संग्रहालयात पोहोचलेला ३२६७ क्रमांकाचा मोटार-डबा माणसे नेणारा नव्हे, पार्सले नेणारा आहे!

लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली स्थापन झाला. त्याच वर्षी पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. हा योगायोग आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. दप्तर जळण्यापूर्वी, वाण्याच्या पुड्यांत जाण्यापूर्वी उतरून घ्यावे ही जी राजवाड्यांची तळमळ, तीच १९५० साली स्थापन झालेल्या हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटीच्या कामात दिसते. कारखाना बंद पडतो आहे, आराखडे रद्दीत चालले आहेत, तेवढ्यात जाऊन ते उचलून आणावेत. भंगाराच्या आवारात गाडी मोडण्यापूर्वी टेप घेऊन मापे टिपून घ्यावीत. अशा वह्या घरोघर साठल्या. ज्यांनी त्या लिहिल्या ते कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक, तंत्रज्ञ, म्हणजे याच गाड्यांनी रोज जाणारे-येणारे लोक. बाकड्याची खोली किती आणि खिडकीचा पट्टा कसा ओढावयाचा हे त्यांना वाचून कळले नव्हते.

या मंडळींच्या कामाला एक मोठे वैगुण्य आहे आणि ते लपवणे बरे नव्हे. त्यांच्या प्रतिकृतीत गाडी असते, फलाट असतो, फलाटावर दोन बाया, एक हमाल आणि एक कुत्रा असतो. माणसे कोठे आहेत? फोर-सबमध्ये बसावयास ३८६ जागा. आठ डब्यांत ७७२, आणि सकाळी उभे राहणारे वेगळे. ७७२ बोटाच्या पेराएवढी माणसे रंगवून आत बसवणारा धीराचा पुरुष विरळा. त्यामुळे प्रदर्शनातली उपनगरी गाडी नेहमी दुपारी दोनची असते, रिकामी आणि स्वच्छ. जिच्यासाठी गाडी जन्मली ती गर्दीच तेवढी तिच्यात नाही.

त्या गर्दीवर बुलिड यांनी १९४९ साली एक उपाय करून पाहिला. फलाट लांबवण्याऐवजी त्यांनी दुमजली गाडी बांधली. चार-चार डब्यांच्या दोन गाड्या झाल्या, ४००१ आणि ४००२. त्या २ नोव्हेंबरपासून चेरिंग क्रॉस ते डार्टफर्ड या मार्गावर धावू लागल्या. बोगदे आणि पूल बुटके, म्हणून पूर्ण दुसरा मजला शक्य नव्हता. बुलिड यांनी वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांत गुंफले, खालच्याच्या डोक्याच्या पातळीला वरच्याचे पाय. दोन्ही गाड्या जोडल्या की १,१०४ जागा होत. पण वरच्या कप्प्याला स्वतःचे दार नव्हते. खालच्या आणि वरच्या मिळून वीसेक माणसांनी एकाच दारातून उतरावयाचे, तोवर गाडी स्थानकात खोळंबे आणि मागची गाडी सिग्नलला. वरच्या खिडक्या उघडत नसत. प्रयोग तेवढ्यावर थांबला आणि अखेर फलाट लांबवून दहा डब्यांच्या गाड्या करण्यात आल्या. या डब्याची आतल्या मांडणीसकट प्रतिकृती करावयास बसले म्हणजे गुंफण कशी चतुर आणि दार कसे अपुरे हे कोणत्याही अहवालापेक्षा चांगले समजते. एका दाराशी आतले दोन जिने-कप्पे मोकळे होतात, ते चिमट्याने बसवतानाच कळते.

या दोन गाड्या १९७१ च्या १ ऑक्टोबरपर्यंत चालल्या. त्यांचे टोकाचे दोन मोटार-डबे हौशी मंडळींनी वाचवले. मधले डबे मोडीत गेले. त्यामुळे टोकाच्या डब्याची प्रतिकृती करणारा आजही टेप घेऊन खऱ्या डब्यापाशी जाऊ शकतो. मधला डबा करणाऱ्याला मात्र आराखडे आणि छायाचित्रे एवढ्यावरच भागवावे लागते.